आईचा गुडघा आणि जुना इन्स्पेक्टर

गुडघा बदलून आईला रामदासपेठेतल्या दवाखान्यातून माझ्या घरी आणलं, त्याच दिवशी मी फ्रिजवर यादी चिकटवली. गोळ्या, बर्फाचा शेक, पायाचे व्यायाम, चालणं. पहिल्या तिन्हींवर रोज खूण व्हायची. चालण्यापुढची जागा कोरीच. डॉक्टरांनी बजावलं होतं, जिना उतरून-चढून दाखवल्याशिवाय गावी, कुहीला परत जायचं नाही. तिथल्या घराला उंच पायऱ्या आहेत. आणि आईला धानाच्या कापणीआधी कुही गाठायची होती. पण वॉकर दिसला की ती भिंतीकडे तोंड करायची.

"दुखते वं. उद्या पाहू."

असे बरेच उद्या गेले.

मग एका दुपारी मोबाइलवर अचानक आमची जुनी पोलिसी मालिका सापडली. कुहीला शेजारच्या ओसरीवर दाटीवाटीनं बसून पाहायचो, तीच! सुरुवातीचं संगीत वाजलं आणि आई ताडकन उठून बसली.

"अवं, हा तं आपला इन्स्पेक्टर!"

आपलाच तो. एक जीप, एक हवालदार आणि पुठ्ठ्याचं पोलीस ठाणं. दार आपटलं की भिंत हलायची. हल्लीच्या मालिकांत ढोल बडवतात, एकच चेहरा चारदा दाखवतात. हा मात्र साऱ्या संशयितांना एका खोलीत बसवायचा आणि शांतपणे विचारायचा, काल संध्याकाळी कुठे होतात? त्याला जेवढं कळायचं तेवढंच आपल्यालाही. म्हणून तर ओसरीवरचा प्रत्येक जण पोलीस व्हायचा. नियम एकच होता. इन्स्पेक्टरनं बोट उगारण्याआधी आपला खुनी जाहीर करायचा आणि मग शब्द फिरवायचा नाही. आईची तपासाची रीत निराळी. "घरात मयत झालं अन् हा भांग पाडून आला. पकडा याले!" आणि निम्म्या वेळा तोच निघायचा.

इतक्या वर्षांनीही माझे हात शिवशिवले. पुढे काय होणार, ते दोघींनाही आठवत नव्हतं. काय चैन!

ऐन चौकशीत मी मोबाइल बंद केला.

"काहून बंद केलं वं?"

"पुढचं हॉलमधल्या टीव्हीवर. मोठं दिसतं."

तिनं माझ्याकडे पाहिलं, वॉकरकडे पाहिलं, एक शेलकी शिवी दिली आणि निघाली. दुसऱ्या दिवसापासून अर्धा भाग खोलीत, अर्धा हॉलमध्ये. वॉकर सुटून हातात काठी आली. यादीवर खुणा पडू लागल्या. जिन्याचं नाव काढलं की मात्र पुन्हा तेच, "उद्या पाहू."

एके संध्याकाळी दोन भागांची केस रंगात आली होती. बंगल्यातल्या म्हाताऱ्या मालकाचा खून. आईनं पुतण्या जाहीर केला, मी डॉक्टर. इन्स्पेक्टर उठला, टोपी घातली, बोट उचललं, आणि पडद्यावर नुसतं चाक फिरत राहिलं. इंटरनेट गेलं होतं. मोबाइलवरही रेंज नाही. मी वायर काढल्या, लावल्या, काही उपयोग नाही.

आई डोळे बारीक करून पाहत होती. "पहिले खोलीतून हॉलमधी आणलं. आता जिना उतरवाचा आहे तुले. मले समजत नाही का?"

"आई, शप्पथ, मी काही केलं नाही!"

"सारेच असं म्हणतात."

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या घरातून त्याच इन्स्पेक्टरचा आवाज ऐकू आला; त्यांचं नेट वेगळ्या कंपनीचं. आमच्या नादानं त्याही ही केस पाहायला लागल्या होत्या. आईनं काठी उचलली. मी धावले. "उतरताना आधी दुखरा पाय! कठडा धर!"

"सरक बाजूले. तो नाव सांगून देईन."

ती उतरली. एकेका पायरीवर थांबत, कठड्याला घट्ट धरून, मला आणि इंटरनेटवाल्यांना शिव्या देत. मी तिच्या एक पायरी खाली, दोन्ही हात पसरून. खालून काकू ओरडल्या, "या लवकर ताई, थांबवून ठेवलंय मी!"

आम्ही तिघी पलंगाच्या कडेवर बसलो. बोट पुढे सरकलं, पुतण्यावरून गेलं, डॉक्टरवरून गेलं आणि स्वयंपाकिणीवर थांबलं.

"चुकला हा," आई म्हणाली. "पुतण्याच आहे."

वर चढताना प्रत्येक पायरीवर तिचं तेच चालू होतं. पुतण्याचे बूट, पुतण्याचा भांग. शेवटच्या पायरीवर ती एकदम थांबली, मागे वळून जिना पाहिला आणि घाम पुसला.

"डॉक्टरले फोन लाव. सांग, उतरली अन् चढलीबी." मग काठी माझ्यावर रोखून, "अन् तू कबूल कर. नेट तूच बंद केलं."

आयुष्यात कुणी माझ्यावर इतका छान आळ घेतला नव्हता. मी गुन्हा कबूल केला आणि कुहीला नेण्याच्या सामानाची यादी करायला बसले.