खाडाखोडीशेजारची सही

दर गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता पिंपरीतल्या आमच्या वस्तीच्या विहारात, वरच्या मजल्यावर, मी क्लास घेते. गुरुवारच का, तर चाकणच्या ज्या कंपनीत मी क्वालिटीला आहे तिची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. शाळा सुटली की सहावी ते आठवीची पोरं दप्तरासकट थेट वर येतात. पहिल्याच दिवशी मी त्यांना सांगून टाकते, की इथं होमवर्क करून मिळणार नाही आणि पुस्तकातलं एकही गणित होणार नाही. ज्यांना मार्क वाढवायचे आहेत त्यांच्यासाठी खाली रस्त्यावर चार ट्यूशन आहेत. इथं फक्त अवघड गणितं, आणि अवघड म्हणजे आठवडाभर डोकं खाणारी.

लोक म्हणतात, एवढ्याशा पोरांना कशाला त्रास देता. माझं मत उलटं आहे. बारा-तेराव्या वर्षी डोक्याला जेवढी भूक असते तेवढी पुढे कधी नसते, आणि नेमकं त्याच वयात आपण त्यांना प्रश्नाखालच्या रिकाम्या जागा भरायला बसवतो. मी कुणालाही चाळणी लावत नाही. वर्गात पहिला येतो की शेवटून पहिला, मला घेणं-देणं नाही. जिना चढून आला, सतरंजीवर बसला, की तो माझा.

नियम एकच, आणि तो मी कंपनीतून आणलेला. आमच्याकडे तपासणीच्या कागदावर आकडा चुकला तर तो खोडरबरनं पुसायचा नाही, व्हाइटनर तर अजिबात नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. म्हणजे चूक झाली, ती मी केली आणि मीच सुधारली, हे कुणालाही दिसतं. क्लासला येणारी पोरं खोडरबर दाराबाहेर चपलांपाशी ठेवून आत येतात. सुरुवातीला लाजतात, मग दोन-तीन महिन्यांत एवढ्या झोकात सह्या ठोकायला लागतात की चूक करायला मजा येते की काय, अशी शंका यावी. मला या नियमाचा फार अभिमान होता. जरा जास्तच.

ती सातवीत असताना आली. आईवडील परभणीकडचे, वडील चाकणलाच दुसऱ्या एका कंपनीत काँट्रॅक्टवर, आईची भाजीची गाडी. पोरगी बारीक, आवाज त्याहून बारीक, पण प्रत्येक गोष्टीवर एकच शब्द, "कामून?" मी म्हटलं शून्यानं भागता येत नाही, की "कामून?" मी म्हटलं आज इथंच थांबू, की "कामून?" इतर पोरं हसायची. मी वरवर वैतागायचे आणि मनातून खूश व्हायचे.

पहिल्याच आठवड्यात मी नऊ नटांचं गणित घातलं. बोल्टाचे नऊ नट दिसायला सारखे, एक मात्र वजनाला कमी. तराजू फक्त दोनदा वापरायचा आणि तो हलका नट शोधायचा. शनिवारी तिचे वडील मला कंपनीच्या बस थांब्यावर गाठून म्हणाले, "मॅडम, ते नटाचं काय हाय ते सांगून टाका हो. पोरीनं आईचा तराजू धरून ठेवलाय, गिऱ्हाईक खोळंबून राहतंय."

मी सांगितलं नाही. गुरुवारी ती आली ती तोंडभर हसत. तीन-तीनचे ढीग करायचे, हे तिनं शोधलं होतंच, पण सतरंजीवर बसता बसता म्हणाली, "मॅडम, तीनदा तोललं तर सत्तावीस नटांतला बी सापडंल की." हे मी विचारलं नव्हतं. त्या क्षणी मी ठरवलं, ही पोरगी शिबिराला जाणार.

शिबिर म्हणजे पुण्यातल्या एका संस्थेचं. सातवी-आठवीच्या मुलांसाठी मे महिन्यात दहा दिवस, राहून, फुकट. दुर्बिणी, सूक्ष्मदर्शक, आणि मुख्य म्हणजे आपल्यासारखीच वेडी असलेली दुसरी मुलं. आमच्या वस्तीतून तिथं कधी कुणी गेलं नव्हतं. निवडीसाठी एक लेखी परीक्षा असते, पाच प्रश्न आणि तीन तास. मी तिच्याकडून सहा महिने तयारी करून घेतली. निवड होणार याबद्दल मला शंका नव्हती, आणि ते मी सगळ्या वस्तीला सांगूनही बसले होते.

निकालाच्या यादीत तिचं नाव नव्हतं. मी दोनदा वाचली, तिसऱ्यांदा बोट ठेवून वाचली. मग रजा टाकली आणि तडक पुण्याला जाऊन त्या संस्थेच्या ऑफिसात उभी राहिले. भांडायच्याच तयारीनं गेले होते.

परीक्षेचं काम बघणारे गृहस्थ वयस्कर होते, शांत. त्यांनी गठ्ठ्यातून तिचा पेपर काढून माझ्यापुढे ठेवला. चौथा प्रश्न सगळ्यांत अवघड. तिनं एका वाटेनं अर्धं पान सोडवलं होतं, मग वाट चुकल्याचं ध्यानात आल्यावर त्यावर एक सरळ आडवी रेघ मारली होती, आणि खाली नव्यानं, सुरेख, शेवटपर्यंत सोडवलं होतं. रेघेशेजारी ठसठशीत अक्षरांत तिची सही होती. पूर्ण नावाची.

"पेपरवर फक्त क्रमांक हवा," ते म्हणाले. "आत नाव, सही, कुठलीही खूण असली तर पेपर बाद. सूचनांत लिहिलेलं आहे."

सूचना मीच तिला वाचून दाखवल्या होत्या. नाव लिहू नये, ओळख पटेल अशी खूण करू नये. वाचताना माझ्या मनाला सहीचा विचार शिवला नाही, कारण माझ्या लेखी सही ही ओळख नव्हतीच. ती खाडाखोडीचा भाग होती, रेघ मारतो तशी सही करतो.

"मी हा पेपर बाद केल्यावर घरी नेऊन वाचला," ते म्हणाले. "फार आवडला. पण अशाच कारणानं आणखीही मुलांचे पेपर बाद झालेत. त्यांना मी काय सांगू?"

केसाएवढ्या फरकासाठी मी आख्खाच्या आख्खा माल परत पाठवलेला आहे, समोरचा सुपरवायझर हात जोडत असताना. त्या खुर्चीत मी असते तर मीही हेच केलं असतं. पेपर परत दिला आणि निघाले. बसमध्ये नाशिक फाट्यापर्यंत रडले, हे इथं लिहायला हरकत नाही.

पुढच्या गुरुवारी पोरीला सगळ्यांसमोर खरं ते सांगितलं. ती रडली नाही. सतरंजीचे दोरे ओढत म्हणाली, "मॅडम, तुमी शिकवलेलं ते पाच वेळचं 'का' करू का फळ्यावर?"

ते पण कंपनीतलंच. माल बाद झाला की एकामागून एक पाच वेळा 'का' विचारायचं, म्हणजे चुकीच्या मुळाशी जाता येतं. तिनं खडू घेतला आणि लिहीत गेली. पेपर बाद का? आत सही होती. सही का केली? चुकीवर रेघ मारली की सही करायची सवय. सवय का? मॅडमनी लावली. परीक्षेत ही सवय चालत नाही हे मॅडमनी का नाही सांगितलं? त्यांच्या ध्यानात आलं नाही. मग पाचवं लिहिलं, ध्यानात का आलं नाही? आणि खडू माझ्यापुढे धरला.

वीस पोरं माझ्याकडे बघत होती. चूक कबूल करायची मला फारशी सवय नाही. पण त्या फळ्यावर खोटं लिहिणं शक्यच नव्हतं. मी लिहिलं, 'कारण मला वाटत होतं की मला सगळं येतं.' आणि खाली सही केली.

"आता उपाय," ती म्हणाली. उपायाची ओळ तिनंच लिहिली. इथून पुढे परीक्षेच्या सूचना मॅडमनी वाचून दाखवायच्या नाहीत. मुलांनी वाचायच्या आणि मॅडमना समजावून सांगायच्या.

तिच्याकडे आठवीची एकच संधी उरली होती. त्या वर्षी सूचनांचा कागद आला तेव्हा मी सतरंजीवर बसले आणि ती उभी राहून एकेक ओळ मला समजावत गेली. प्रत्येक ओळीला मी "कामून?" विचारलं. पोरांना ऊत आला होता. परीक्षा देऊन ती बाहेर आली तेव्हा मी फाटकाशीच उभी होते. "दोनदा रेघ मारली," ती म्हणाली. "सही न्हाई केली. हात लई शिवशिवला."

एप्रिलमध्ये यादी लागली आणि त्यात तिचं नाव होतं, वरून तिसरं. वडिलांनी बस थांब्यावर पेढे वाटले. मला दोन दिले.

शिबिराचा फॉर्म घेऊन ती गुरुवारी वर आली. त्यात शिक्षकानं विद्यार्थ्याबद्दल चार ओळी लिहायच्या होत्या. मी पेन काढलं आणि ठासून लिहायला लागले, की ही मुलगी इयत्ता सातवीत असून... तिथंच थांबले. माझ्या डोक्यात ती अजून सातवीतच होती, तिचं ते गेलेलं वर्ष मी धरून बसले होते. दुसरा फॉर्म नव्हता. 'सातवी'वर एक आडवी रेघ मारली, शेजारी 'आठवी' लिहिलं, आणि पेन तसंच हवेत राहिलं. सही करावी की नाही?

ती माझ्या खांद्यावरून बघत होती.

"करा सही, मॅडम," ती म्हणाली. "इथं चालते. मी वाचलंय."