मालकाला बाहेर कोण काढणार

नवीन जालन्यातल्या त्या बियाण्यांच्या पेढीवर अप्पाराव मालकांची एक खोड होती. उठताना आधी तसबिरीला हात जोडायचे, मग भिंतीवरची बटणं खटाखट बंद. पंखा, ट्यूबलाइट, अन् त्याच हातानं चालू कॉम्प्युटरसुद्धा. वीज वाचली की गडी खूश!

आता कॉम्प्युटर म्हणजे काय पंखा आहे? प्रोग्राममधून रीतसर बाहेर न पडता बटण बंद केलं, की आतल्या खोलीतल्या मोठ्या मशीनला वाटायचं मालक अजून बसलेलेच आहेत. त्यांनी उघडलेल्या खात्याला कुलूप, दुसऱ्या कुणाला हात लावता येत नसे. सन नव्व्याण्णवची गोष्ट. सगळ्यांनाच हे नवं होतं.

त्या दुपारी मालक असेच बटणं बंद करून कुंभार पिंपळगावला लग्नाला गेले आणि इकडं बेबीनंदा घड्याळाकडं बघत बसली. बेबीनंदा पेढीवरची ऑपरेटर, मंठ्याची पोरगी. संध्याकाळी घरी पाहुणे तिला बघायला येणार होते. मुलगा तातेराव, शाळेत मास्तर. दोघांनी एकमेकांना केव्हाच पसंत केलेलं, फक्त मोठ्यांनी पोहे खाऊन मान डोलवायची बाकी होती. पण नवरीच जालन्यात अडकली तर मान कुणाकडं बघून डोलवणार? शेवटचं बिल राहिलं होतं, आणि नेमकं तेच खातं मालकांच्या नावानं अडकलेलं.

मोठ्या मशीनमध्ये आत कोण कोण आहे त्या यादीतून मालकांचं नाव काढते, असं ती रामकिसन मुनिमांना म्हणाली. गादीवर बसून केस पिकलेला माणूस, पण त्यांना घाम फुटला.

"मालकाला बाहेर काढायचं? बिलकुल न्हाई," ते म्हणाले. "येतील मालक. वाट बघू."

रोज दुपारी ते अशीच वाट बघायचे, मालक जेवून येईपर्यंत. पण लग्नाची पंगत कधी उठायची, अन् मंठ्याची एसटी काय हिच्यासाठी थांबणार होती?

बेबीनंदाला आधी रडू आलं आणि मग, काय झालं कोण जाणे, हसूच फुटलं. रिकाम्या खुर्चीला भिऊन दोन धडधाकट माणसं बसलेली! हसतच तिनं मालकांच्या खोलीत जाऊन मशीन खरंच बंद असल्याची खात्री केली, कारण काम करत्या माणसाला काढलं तर त्याचं अर्धं काम बुडतं. परत येऊन तिनं नाव काढलं. मुनिमांनी डोळे गच्च मिटून घेतले. खातं उघडलं, बिल झालं. आता सगळे बाहेर पडले की दिवस तुम्ही बंद करा, म्हणजे मशीनवर आजचा हिशेब मिटवा, असं मुनिमांना सांगून तिनं पर्स उचलली, खटाखट बटणं बंद केली आणि बाई पळाली.

एसटी मिळाली. बसायला जागा नव्हती, पण कुणाला पर्वा? उभ्यानं ती मंठ्यापर्यंत गालात हसत गेली.

घरी पोह्यांच्या बश्या फिरल्या. तातेरावची आई केशरबाई मोठी करारी, ती पोरीला खालीवर निरखत होती. तेवढ्यात फोन वाजला. मुनिमांचा आवाज असा खणखणीत, की अख्ख्या बैठकीला ऐकू गेला.

"पोरी, दिवस बंद होईना. तू अजून हितंच बसून राह्यली. तुला बाहेर काढू का?"

केशरबाईचा चमचा बशीतच राहिला. बेबीनंदाला आपली खटाखट बटणं आठवली. तातेरावला तिच्याच पत्रांतून मशीनची ही खोड ठाऊक. त्यानं हसू दाबायला तोंडात रुमाल कोंबला.

"काढा काका, खुशाल काढा," ती म्हणाली. "मी तिथं न्हाई. मी हितं आहे."

आणि ती अशी हसत सुटली, की केशरबाईलाही ते हसू लागलं, अन् हसता हसताच तिनं होकार देऊन टाकला.