कॅप्स लॉकचं बटण

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही — नवऱ्यालाही नाही. आणि सांगण्यासारखं आहे तरी काय? एका बटणाची तर गोष्ट. तरी तुम्हाला सांगते.

गोरेगावच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी सगळ्यांत जुनी मॅडम. दुर्गा केशोरीहून आली तेव्हा तिला क्लास घ्यायला मीच शिकवलं. आणि थोड्याच दिवसांत पोरी अडल्या की हाक कुणाला? "दुर्गा मॅडम." मी शेजारच्याच टेबलावर असायचे. जळायचे मी — उगाच कशाला लपवू?

मग सरांनी सगळ्या मशिनींवर नवी सिस्टिम टाकली. कोणत्या कामाला कोणतं बटण, ते एकदाच ठरवायचं होतं. पुढे सगळीकडे तेच राहणार. असलं ठरवायचा मान माझाच, असं मी धरून चालले होते. टाइप करताना मराठीतून इंग्रजीत जायला मी कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेस सुचवलं — तिन्ही एकदम दाबायची. दुर्गा म्हणाली, कॅप्स लॉक नुसतंच पडून असतं, ते एकटं पुरे. सर तिला म्हणाले, "बढिया है." आणि मला म्हणाले, पोरींकडून दोन्ही करून घ्या, मग सांगा.

करून घेतलं मी, अगदी नीट. धानाच्या रोवणीची कामं आटोपून क्लासला येणारी एक बाई होती, तीन बटणं दाबताना तिची बोटं एकमेकांत अडकायची. कॅप्स लॉक दाबलं आणि म्हणाली, "हेच बेस हाय मॅडम. खाली पाहाच लागत नाई." बाकीच्याही तेच म्हणाल्या. आणि मी सरांना काय सांगितलं? — कॅप्स लॉकने पोरी गोंधळतात. झालं, सगळ्या मशिनींवर माझी तीन बटणं लागली.

दुर्गा भांडली असती तर... पण ती भांडली नाही. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. "माह्यंच चुकलं मॅडम. आता तुमाले विचारल्याबिगर मी काई सुचवणार नाई." आणि त्यानंतर तिने खरंच कधी काही सुचवलं नाही. मला बरं वाटलं का? हो, वाटलं.

फुलचूरला माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर मात्र मी तेव्हाच कॅप्स लॉक लावून घेतलं होतं. एका रविवारी दुर्गा अर्ज टाइप करायला घरी आली. तिला पाणी दिलं आणि ती पीत होती तेवढ्यात आतल्या खोलीत जाऊन मी सेटिंग बदललं. ती बसली. खाली न बघता तीन बोटं बरोबर तीन बटणांवर ठेवली. "सवय होऊन गेली मॅडम," म्हणाली, आणि माझ्याकडे बघून हसली.

ती फाटकाबाहेर पडताच मी सेटिंग पुन्हा बदलून घेतलं. हे लिहिताना मध्ये इंग्रजी लागलं, तेव्हाही दाबलं ते दुर्गाचंच बटण. क्लासमध्ये ती आजही पोरींची बोटं धरून माझी तीन बटणं शिकवते.