खिदिरपूरच्या क्रॉसिंगवरचे तपनबाबू

मिलिटरी पोलिसात हवालदार असताना माझं शेवटचं पोस्टिंग कोलकात्यात होतं. काम साधं. गोदीकडे जाणारे आमचे कॉन्व्हॉय, म्हणजे फौजी गाड्यांचे ताफे, खिदिरपूरच्या एका क्रॉसिंगवरून पार करून द्यायचे. वायरलेसवर या क्रॉसिंगचं नाव पॉइंट थ्री. सकाळी सातला पॉइंटवर, दुपारी एकला रिलीफ.

तिथे ट्रॅफिकचे सार्जंट तपन मंडल असत. पन्नाशीचे, पांढरा युनिफॉर्म, आवाज कायमचा बसलेला. मी येण्याआधी ते उभे असत, मी गेल्यावरही उभेच.

मे महिन्यात त्यांचे हात थरथरताना दिसले.

"झोप लागत नाही, हवालदार साहेब. बिछान्यातही हॉर्न ऐकू येतात."

"सिक रिपोर्ट करा."

"दोनदा केला. साहेब म्हणाले, सगळेच थकलेत. बदली माणूस नाही."

आमच्याकडे अशा जवानाला सेक्शन कमांडर त्याच दिवशी ड्यूटीवरून काढून डॉक्टरकडे पाठवतो. मी तसं सांगितलं. ते नुसते हसले.

त्याच महिन्यात एका गुरुवारी ११.४० ला वायरलेसवर कॉन्व्हॉयचा आवाज आला. "पॉइंट थ्री, दोन मिनिटांत पोहोचतोय. ओव्हर."

"पॉइंट थ्री, रॉजर."

मी खूण केली. तपनबाबूंनी हात वर करून आडवा ट्रॅफिक थांबवला. आमच्या सहा गाड्या गेल्या. आता हात खाली यायला हवा होता. आला नाही. ते माझ्याकडे बघत होते, पण मी त्यांना दिसत नव्हतो.

"सार्जंट साहेब, सोडा! बाजूला व्हा!"

हॉर्नचा गदारोळ झाला. एका कंटेनर ट्रेलरचा ड्रायव्हर वैतागून सुटला, थेट त्यांच्या अंगावर. मी धावलो. वीस पावलं कमी पडली.

बारा वाजता त्यांच्या जागी दुसरा सार्जंट उभा होता.

चौकशीत मला एकच प्रश्न विचारला. "हात खाली घ्यायला त्यांनी उशीर केला का?"

"हो सर. पण त्यांनी दोनदा सिक रिपोर्ट..."

"विचारलं तेवढंच सांगा."

मी तेवढंच सांगितलं आणि सही केली. अहवालात अपघाताचं कारण म्हणून त्यांचीच चूक नोंदवली गेली.

बाहेर बाकावर त्यांची बायको बसली होती. तिने विचारलं, "दादा, ते चुकले का?"

"नाही, बौदी." तिकडे वहिनीला बौदी म्हणतात.

कागदावर हो, तिला नाही. दोन्ही मीच बोललो.

दर वर्षी युनिटच्या स्मारकापुढे गेलेल्या साथीदारांची नावं वाचली जातात. तपनबाबू फौजेचे नव्हते. त्यांचं नाव तिथे कोणी वाचणार नाही. यादी संपली की मी ते हळूच घेतो. शेजारचे ऐकतात, कोण म्हणून विचारतात. मी सांगतो, ड्यूटीवर गेले.