लोखंड विकणारा माणूस

फजरची नमाज होऊन थोडा वेळ झाला होता. मी ओट्याशी भाकरीचं पीठ मळत होते आणि फोन वाजला. अनोळखी नंबर, पलीकडे अरबीत बोलणारा पोलिस. यूसुफ तुमचे कोण, असं त्याने विचारलं. मी शाळेत इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं, पण त्या क्षणी मला कुठल्याच भाषेत 'नवरा' हा शब्द आठवेना. मग तो म्हणाला, खफजीच्या रस्त्यावर, धुक्यात... पुढचं मी ऐकलं नाही. दुसरा हात पिठातच होता.

मुलांनो, तुम्ही टोरांटोत आहात आणि नानांना तुम्ही सुट्टीतल्या दोन-तीन भेटींत आणि व्हिडिओ कॉलवर पाहिलंत. हसरे, दाढीला मेंदी लावणारे, खजुराचे डबे पाठवणारे. ते तसे होतेच. पण तेवढेच नव्हते. तुमच्या आईने, शबानाने, हे तुम्हाला वाचून दाखवावं म्हणून लिहिते आहे, आणि वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापून आलं तरी हरकत नाही.

नाना रत्नागिरीहून रियाधला आले ते एका मोठ्या शोरूममध्ये गाड्या धुवायला. धुता धुता गिऱ्हाइकांशी बोलू लागले, बोलता बोलता विकू लागले. गाडी विकणं म्हणजे माणसाचा चेहरा वाचणं, असं ते म्हणत. पुढे आम्ही हुफूफला आलो आणि त्यांनी जुन्या गाड्यांचं स्वतःचं आवार उभं केलं. कागदावर ते अबू नासेर नावाच्या कफीलचं, म्हणजे ज्याच्या हमीवर आम्ही या देशात राहत होतो त्या मालकाचं होतं, कामाला नाना. अबू नासेर जाडजूड, तापट आणि मनाने मोकळा माणूस. दोघे दिवसभर भांडायचे आणि एकाच ताटात जेवायचे.

इथल्या जुन्या गाड्यांच्या लिलावाला हराज म्हणतात. तिथे बोली लागण्याआधी विकणारा ओरडतो, 'कोमत हदीद!' म्हणजे लोखंडाचा ढीग. गाडी नाही, लोखंडाचा ढीग विकतोय, पटलं तर घ्या. एकदा हे शब्द उच्चारले की आतून काहीही निघो, विकणाऱ्याची जबाबदारी संपली. बाजाराची रीत ती. गिऱ्हाईक मेकॅनिक घेऊन येतं, गाडीखाली झोपून बघतं आणि मगच बोली लावतं.

सलीम आमच्या पलीकडच्या गावचा, नुकतं लग्न झालेला तरुण. त्याला गाडी हवी होती. आवारात एक पांढरी गाडी उभी होती. दोन अपघाती गाड्यांची जोडून केलेली, पुढचा अर्धा भाग एकीचा, मागचा दुसरीचा, सीटखाली वेल्डिंग. नानांनी ती तशीच विकत घेतली होती आणि त्यांना ते माहीत होतं. अशा गाड्या तेव्हा सगळेच विकत. नानांनी रीतीप्रमाणे ते दोन शब्द सलीमलाही म्हटले. तो हसला.

"चाचा, तुमच्याकडून घेतोय. तुमच्या गाडीखाली मी झोपून बघू? गावात तोंड दाखवीन काय?"

मी तिथेच होते. नानांनी त्याच्याकडे बघितलं आणि चावी दिली. गावचा माणूस म्हणून त्याने बघितलं नाही, आणि गावचा माणूस असूनही यांनी सांगितलं नाही. गाडी शहरातच फिरेल, असं त्यांनी मनाला समजावलं असावं.

त्या हिवाळ्याच्या पहिल्या पावसात सलीम कामावर चालला होता. तुमच्याकडे बर्फावर गाडी घसरते. इथे वर्षभराची वाळू आणि तेल डांबरावर साचलेलं असतं, पहिल्या सरीत त्याचा साबण होतो. गाडी फिरली, दुभाजकावर आदळली आणि वेल्डिंगवर फाटून तिचे दोन तुकडे झाले. पुढचा तुकडा ट्रकखाली गेला. सलीम त्यात होता. त्याला ओळखायला नानांनाच जावं लागलं.

मातीनंतर सलीमची बायको जाहिदा आमच्या घरी आली. मी चहाचा स्टीलचा थर्मास आणून ठेवला. तिने तो उचलला आणि नानांच्या तोंडावर मारला. पुन्हा मारला. कपाळ फुटलं, डोळ्यात रक्त उतरलं. मी धावले तर नानांनी हाताने मला थांबवलं.

"लोखंड विकलंत ना माझ्या माणसाला?" ती किंचाळत होती. "लोखंडाने मारलंत ना त्याला?"

"होय," नाना म्हणाले. "मार, बेटी."

तिच्या हातातलं बळ संपलं तेव्हा ती खाली बसली. नंतर ती गावी निघून गेली आणि नानांशी कधीच बोलली नाही. नानांनी माफी मागायला माणसं पाठवली, ती तिने उंबऱ्यावरूनच परत पाठवली. मी तिला दोष देत नाही.

टाके घातलेल्या कपाळाने नाना आवारात गेले आणि त्यांनी घण उचलला. जोडलेल्या जितक्या गाड्या उभ्या होत्या त्यांच्या काचा, दारं, छतं... एकेकीचा चेंदामेंदा केला. मग गॅस कटर घेऊन वेल्डिंगच्या रेषेवर त्या पुन्हा कापल्या. मी फाटकाशी उभी होते, आत जायची माझी हिंमत झाली नाही. तेवढ्यात अबू नासेर आला.

"मजनून! माझा माल फोडतोस? खलास, उद्या तुझ्या पासपोर्टवर एक्झिट मारतो! बायकोला घेऊन चालता हो!"

"मार एक्झिट. ह्या गाड्या रस्त्यावर जाणार नाहीत."

अबू नासेरने थोबाडीत दिली. आणि नानांनी, इथे राहायचा परवाना, इकामा, ज्याच्या सहीवर चालायचा त्या कफीलला, उलट थोबाडीत दिली. दोन प्रौढ माणसं वाळूत एकमेकांच्या उरावर बसली. अबू नासेरचा पांढरा पायघोळ तोब गळ्यापासून फाटला, नानांचा दात पडला. मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं होतं. शेवटी दोघांचाही दम संपला. अबू नासेर बंपरला टेकून धापा टाकत बसला, फाटका तोब बघू लागला.

"हा ईदचा होता," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "माझा मुलगा नासेरसुद्धा गाडी चालवतो." आणि मग माझ्याकडे बघून, शबानाची आई म्हणून तो मला नेहमी हाक मारी तशी, "उम्म शबाना, चहा आहे?"

आम्ही राहिलो. धंदा मात्र खाली आला. नाना आता हराजमध्ये दुसऱ्यांच्या गाड्यांखालीही झोपत आणि उठून ओरडत, "ही कापलेली आहे! ही मारणार!" एकदा चहाच्या टपरीमागे दोघा विकणाऱ्यांनी त्यांना गाठलं आणि बरगड्या मोडल्या. मी पट्टी बांधत होते, रागाने जरा घट्टच.

"मास्तरीण, हळू गं."

"बोलायची काय गरज होती तुम्हाला?"

"तुझ्या वर्गात पोर चुकीचं लिहितं तेव्हा तू गप्प बसतेस काय?"

गाडी विकली की चावी देण्याआधी ते गिऱ्हाइकाला शेजारी बसवून रस्त्यावर नेत. पावसात ब्रेक कसा दाबायचा, थंडीत उंट गरम डांबरावर येऊन बसतात तेव्हा कसं जायचं. धुक्यात पुढे अपघात दिसला तर गाडीत बसून राहायचं नाही, उतरून लांब वाळूत पळायचं, कारण मागून येणाऱ्याला तू दिसत नाहीस. शिकणारा चुकला की ते त्याच्या हातावर फटका मारत आणि अशा शिव्या देत की मागच्या सीटवर बसलेली मी खिडकीची काच वर करायची.

आता त्या सकाळचं. नाना एका गिऱ्हाइकाची गाडी पोचवायला रात्रीच खफजीला निघाले होते. वाटेत धुकं दाट झालं आणि पुढे गाड्यांवर गाड्या आदळल्या. हे मला एका येमेनी ड्रायव्हरने सांगितलं, तो त्यांच्याबरोबर वाळूत पळाला होता. दोघे सुरक्षित होते. रस्त्यावर एक आडवी झालेली गाडी, आतून बाई ओरडत होती. येमेनीने नानांची बाही धरली. नाना म्हणाले, "सोड रे, मेल्या," आणि परत रस्त्यावर गेले. त्यांनी जॅकच्या दांड्याने काच फोडली, बाईला ओढून काढलं, दुभाजकापलीकडे ढकललं. मग मागून ट्रेलर आला. ती बाई जगली.

हुफूफच्या कब्रस्तानात त्यांना माती दिली तेव्हा सगळे म्हणाले, शहीद झाले. मी मात्र अजून रागावलेली आहे. स्वतःचा नियम त्यांनीच मोडला. एक जीव देऊन दुसरा फिटतो, असला हिशेब त्यांनी केला असेल तर तो चूक होता आणि मी त्यांना तसं तोंडावर सांगितलं असतं. मनात त्यांना पुन्हा वाळूत उभं करून बघते, दर वेळी ते परत जातात...

त्यांचा फोन माझ्याकडे आहे. धुक्याच्या सकाळी त्यांची गिऱ्हाइकं त्यावर फोन करत आणि नाना बाल्कनीत जाऊन बघत. समोरच्या गल्लीतल्या मशिदीचा मिनार दिसला तर 'निघ', नाही तर 'बस घरात'. मागच्या आठवड्यात तो वाजला. रायगडकडचा कुणी तरुण, इथेच हुफूफला राहणारा.

"चाचा, धुकं हाय. निघू काय?"

चाचा गेले, हे त्याला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. तो रडवेला झाला, दुवा म्हणाला आणि फोन ठेवू लागला.

"थांब," मी म्हटलं. बाल्कनीत गेले. मिनार दिसत नव्हता. "निघू नकोस."

"ड्युटी हाय चाची, साहेब कापून खाईल."

मी आयुष्यभर वर्गात आवाज चढवला नाही, हे तुमची आईसुद्धा सांगेल. पण त्या दिवशी शेजारीण दार उघडून बाहेर आली इतक्या मोठ्याने मी ओरडले, "ड्युटी गेली खड्ड्यात! बस घरात, गाढवा!"

पलीकडून बारीक आवाजात, "जी चाची."

फोन चालू ठेवून मी तिथेच उभी राहिले. धुकं विरू लागलं. मग मिनाराचं टोक दिसलं, खालची गच्ची दिसली, गल्लीतली गाडी दिसली.

"निघ," मी म्हटलं. "आणि पोचलास की फोन कर."