पंगत उठेपर्यंत

घर सोडलं त्याच दिवशी मी वाटेत बायको हरवून बसलो.

निघताना आई उंबऱ्यात उभी राहून म्हणाली होती, "मागं वळून बघू नको रे, पाय जड होतात." मी आईच्या शब्दाबाहेर नसलेला मुलगा. सिद्धगडाच्या पायथ्याचं आमचं गाव सोडलं आणि मान जी समोर धरली ती समोरच. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. येसू भांड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन मागून येते आहे असा माझा समज. मी तिला सांगत चाललो होतो की आटगावला स्टेशन आहे, स्टेशनाला लागून गवताची वखार आहे, तिथं दिवाळीपासून पावसापर्यंत हाताला काम आहे. ती हूं की चूं करत नव्हती. मला वाटलं, रडत असेल. ओढा आला तेव्हा हात द्यायला म्हणून वळलो, तर मागं शेळ्या आणि त्यांच्यामागं एक म्हातारा.

म्हाताऱ्यानं विचारलं, "मघापासून कोनाशी बोलतोस रे?"

येसू बऱ्याच वेळानं आली. मी विळा मेढीलाच अडकवून विसरलो होतो, तो आणायला ती शिवेवरूनच परत फिरली होती. विळा माझ्या हातात देऊन म्हणाली, "गवत काय दातानं कापनार होतात?" त्यानंतर शहापूरचा रस्ता लागेपर्यंत मी तिला पुढं घालून चाललो.

गाववाल्यांनो, तुमच्यातले काही मागं गावात राहिले, काही माझ्याही पुढं जाऊन मुंबईच्या गिरणीत लागले. तुम्हा सगळ्यांना हे सांगायचं आहे, कारण दुपार म्हणजे काय हे आपण सगळे एकाच ठिकाणी शिकलो. गावात सावली पायाखाली आली की बैल सुटत. सुटलेले बैल पाणी पिऊन, आडवे होऊन रवंथ करू लागले की त्यांना कोणी हात लावत नसे, आणि बैल बसलेत तोवर माणूसही बसलेला. बा म्हणायचा, "बैल उठंल तवा आपन उठू." यात कोणाची मेहेरबानी नव्हती. दुपार तशीच असते, असं आम्हाला वाटायचं.

वखारीत दुपार एका माणसाच्या पेटीत कुलपात होती. तो लखू मुकादम. त्याच्याकडं गजराचं घड्याळ होतं, ते तो पेटीत ठेवी आणि किल्ली जानव्यासारखी गळ्यात घाली. आंब्याला रुळाचा तुकडा टांगलेला. त्यावर लखूनं पहार मारली की काम सुरू, मारली की सुट्टी, पुन्हा मारली की सुट्टी संपली. घड्याळात काय वाजलं हे फक्त त्याला ठाऊक.

काम असं की कापलेलं गवत लाकडी खोक्यात टाकायचं, आत उतरून पायांनी तुडवायचं, वरून स्क्रू पिळून दाबायचं आणि तारेनं बांधून गासडी बाहेर काढायची. त्या गासड्या रेल्वेच्या वाघिणींत, म्हणजे मालडब्यांत, भरून मुंबईच्या तबेल्यांना जायच्या. मी तुडवणारा. येसू बायकांच्या टोळीत गवत झाडून देणारी. जर्मनची लढाई सुरू झाली आणि गवताला मागणी वाढली, तशी लखूची सुट्टी आखडत गेली. भाकरीचा दुसरा तुकडा मोडावा तर रूळ वाजायचा. लखू स्वतः मात्र मोकळ्या गवतावर चादर टाकून घोरत असे, आणि जाग आली की डोळे चोळत आम्हालाच ओरडे, "चला रे, किती येळ खाताव?"

वाईट म्हणजे हा लखू परका नव्हता. आमच्याच बाजूचा, आमच्याच जातभाईंतला. त्याची आई आमच्या शेजारच्या गावात होती. परक्यानं पिळलं असतं तर मी कदाचित विसरलो असतो.

मी त्याला विसरलो नाही त्याचं कारण आमची सोनी. ती झाली तेव्हा येसू थोड्याच दिवसांत कामावर आली. पोर आंब्याखाली झोळीत. सकाळी पाजून ठेवायची, मग दुपारच्या सुट्टीत पाजायची, मध्ये परवानगी नाही. सुट्टी आखडली तसं सोनीचं पिणं अर्ध्यावरच राहू लागलं. एके दिवशी रूळ वाजला तरी येसू उठली नाही. पोर अंगावर होती. लखू तिथं गेला आणि सगळ्या गड्यांदेखत म्हणाला, "दूध पाजायला शेठ पैसे देतो काय गो? घरी बस, तिथं पाज." येसूनं पोर सोडवली. पोरीनं जो टाहो फोडला तो मी खोक्यात गवत तुडवताना ऐकत होतो. त्या गासडीइतकी घट्ट गासडी मी पुन्हा कधी तुडवली नाही. मनात पायाखाली लखू होता.

सूड घ्यायचा हे त्याच क्षणी ठरलं. कसा, हे ठरायला माझ्यासारख्याला वेळ लागतो.

पहिला बेत माझा एकट्याचा होता. रानातून खाजकुयलीच्या शेंगा आणल्या, पानात धरून जपून, आणि लखूच्या झोपायच्या गवतावर त्यांची कूस झटकली. मग लांब बसून वाट पाहिली. त्या दिवशी लखू झोपलाच नाही. शहापूरहून शेठचा माणूस यायचा होता, म्हणून तो म्हणाला, "हे मोकळं गवत कशाला पसरलंय? टाका खोक्यात." खोक्यात कोण होतं ते सांगायला नको. मी गुडघ्यापर्यंत उघड्या पायांनी ते गवत तुडवलं. संध्याकाळी येसूनं पायांना शेण चोळलं. का विचारलं नाही, पण चोळताना हसत होती हे मला अंधारातही कळलं.

दुसरा बेत मला सुचला नसता. माझा चुलता धाकूबाबा गावाहून सोनीच्या जावळासाठी आला होता. आमच्या घरात सगळ्यांत वडील तोच. तोंडात एकही दात नाही, पण खाण्यातली गोडी तसूभर कमी झालेली नाही. भाकर कुस्करायची, रश्शात भिजू द्यायची, मग एकेक घास हिरड्यांवर असा घोळवायचा की पाहणाऱ्याला झोप यावी. गावात त्याच्या पंगतीला बसायला पोरं घाबरत, कारण पंगतीतला वडील माणूस हात धुईपर्यंत कोणी उठायचं नाही. उठलं तर जेवू घालणाऱ्याचा आणि त्या वडिलांचा, दोघांचा अपमान.

त्याला जेवताना बघता बघता मला त्याच्या शेजारी अडकून बसलेला लखू दिसला.

वाघिणी भरायच्या दिवशी लखू सगळ्यांत जास्त पिळायचा. वाघिणी सायडिंगला लागायच्या आणि दुपार कलली की मालगाडीचं इंजिन येऊन त्या ओढून न्यायचं. मी जावळाचं जेवण नेमकं त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ठरवलं आणि लखूला हात जोडून आमंत्रण दिलं. तो म्हणाला, "आज वाघिनी हायेत. पटकन जेवन आन् पटकन उठन." मी म्हटलं, "तुमी म्हनाल तसं, मुकादम." नाही तो म्हणू शकत नव्हता. त्याच्या पोरासाठी आमच्याच गावातली मुलगी पाहणं चाललं होतं आणि कोंबडा कापलेला त्याला वासावरून कळला होता.

आंब्याखाली पंगत बसली. सगळे गडी एका ओळीत, मधोमध लखू, त्याच्या शेजारी धाकूबाबा. तांदळाची भाकर, वालाचं बिरडं, कोंबड्याचा रस्सा. लखूनं आपलं जेवण भराभर आटोपलं आणि एक पाय मोडून उठायला झाला. तेव्हा धाकूबाबा दुसरी भाकर कुस्करत होता.

"बस रे," तो म्हणाला. "पोरीचं जावळ हाय. घाई कसली?"

"बाबा, वाघिनी..."

"तुझा आजा माझ्या शेजारी बसायचा. त्यानं कधी असं केलं नाय."

लखू बसला. गडी बसलेले. कोणी पत्रावळीवरून बोट फिरवतोय, कोणी पाणी मागतोय, कोणी आकाशाकडं बघतोय. अशी दुपार आम्ही गाव सोडल्यापासून पाहिली नव्हती. लखूच्या कपाळावरून घाम उतरून भुवईत जमत होता आणि मी त्याच्या पानात वाढायला सांगत होतो, "मुकादमांना रस्सा घाला, लाजतायत." खाजकुयलीनं जे झालं नसतं ते तिथं होत होतं, आणि मला कोणी अमृत दिलं असतं तरी मी त्या वेळी खाली ठेवलं असतं.

धाकूबाबानं तिसरी भाकर मागितली.

इंजिन आलं. शिट्टी दिली. दुसऱ्या वखारीच्या भरलेल्या वाघिणी जोडून घेतल्या, आमच्या अर्ध्या रिकाम्या तशाच ठेवल्या, आणि कसाऱ्याहून आलेली गाडी मुंबईकडं निघून गेली. डबे दिसेनासे झाल्यावर धाकूबाबानं हात धुतला, ढेकर दिली आणि लखूला म्हणाला, "आता जा, कामाचा खोळंबा नको."

शेठ आला तेव्हा लखूला जे ऐकावं लागलं ते आम्ही गासड्यांमागं उभं राहून ऐकलं. पंगतीतून उठता आलं नाही हे त्यानं सांगितलं. शेठनं विचारलं, सुट्टी इतकी लांब कुठल्या घड्याळात असते? शेठनं त्याला लांबच्या दुसऱ्या वखारीत धाडलं, साधा गडी म्हणून. पुढच्या मुकादमानं घड्याळ भिंतीवर टांगलं, सगळ्यांना दिसेल असं. लखू आज कुठं असेल माहीत नाही. जिथं असेल तिथं त्याच्या घासाच्या मध्येच कोणीतरी रूळ वाजवो, एवढीच माझी त्याच्यासाठी प्रार्थना आहे. एवढी वर्षं झाली, माझे केस पिकायला लागले, पण ती प्रार्थना ताजी आहे.

गावी गेलो की तुम्ही विचारता, आता तुझं घर कुठलं, इथलं का आटगावचं? मी हसून टाळतो. आई गेली, बा गेला, दुपारी बैल बसतात ते आता भावाचे. तिथं मी पाहुणा. आटगावचं झोपडं किती तरी दिवस मला मुक्कामाची जागा वाटायचं. ते घर कधी झालं हे मला नक्की माहीत आहे. इंजिन गेलं त्याच दिवशी, दिवेलागणीला.

मी छाती काढून घरात शिरलो. लखूचं तोंड कसं झालं होतं, ते करून दाखवायला लागलो. येसू चुलीपाशी पाठ करून बसली होती, सोनी तिच्या मांडीवर हुंदके देत होती. मी म्हटलं, "तुझ्यासाठीच केलं गो सगळं."

ती वळली. सोनीला उचलून तिनं माझ्या हातात दिलं, टोपलीतली भाकर पुढ्यात ओढली आणि म्हणाली, "तुमी सगळे बसलात, आन् वाढत कोन होतं? पोर झोळीत रडून रडून गप झाली, मी रस्सा घेऊन लखूच्या पुढ्यात. तिला आत्ता पाजली. माझ्या पोटात सकाळपासून नुसतं पानी हाय. आता मी जेवते. पोर सांभाळा, आन् मी हात धुईपर्यंत उठायचं नाय."