गाडीला पांढरे दिवे लावले तेव्हा

आमच्या गाडीचे हेडलाइट पिवळे पडलेत, असं यांनी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मी नाक मुरडलं होतं. गाडी जुनी, दिवे त्याहून जुने आणि चालवणाऱ्याचे डोळे सगळ्यात जुने, मग पिवळं दिसायला काय झालं, असं मी म्हटलं. यांना ती चेष्टा आवडली नाही. एरवी माझी तिखट जीभ हे हसून सोसतात, पण डोळ्यांवरून कोणी काही बोललेलं यांना कधीच खपलं नाही.

त्याला कारणही होतं. सगळी नोकरी यांनी प्लांटमध्ये भट्टीपुढे काढली. निळ्या काचेतून आत बघायचं आणि वितळलेल्या पोलादाच्या रंगावरून ते किती तापलंय ते सांगायचं, हे यांचं काम. पुढे तपमान मोजणारी यंत्रं आली, तरी नवे साहेब आधी यांच्याकडे बघायचे, असं हे स्वतःच सांगायचे आणि मी ते खरं मानत आले. लाल म्हणजे थंड, पिवळं म्हणजे अजून वेळ आहे, पांढरं म्हणजे तयार. रिटायर झाल्यावरही ही मोजपट्टी यांच्या डोक्यातून गेली नाही. गॅसची ज्योत जरा पिवळी दिसली की हे बर्नर काढून घासायला बसत. तेव्हा गाडीचा पिवळा उजेड म्हणजे यांच्या लेखी कमी तापलेला माल होता. तो बदलून पांढरा केला की काम झालं, असा यांचा साधा हिशेब.

आणि गाडी आता आमची हौस राहिली नव्हती. माझ्या दोन्ही किडन्या गेल्यापासून एक दिवसाआड मला दुर्गला पद्मनाभपूरच्या एका सेंटरमध्ये डायलिसिसला जावं लागे. तिथेही प्लांटसारख्याच शिफ्ट असतात. मला जागा मिळाली ती पहिल्या शिफ्टला, म्हणजे घरून अंधारातच निघायचं. हे त्याला ‘ए शिफ्ट’ म्हणत. आदल्या संध्याकाळी माझी पिशवी भरून ठेवायची, चादर, सुका टॉवेल, सुया टोचता याव्यात म्हणून डावी बाही खांद्यापर्यंत उसवलेला स्वेटर. पहाटे गाडी काढून फाटकाशी उभी करायची आणि मग मला हाक मारायची. आयुष्यात कधी ड्यूटीला उशीर केला नाही, माझ्या ड्यूटीलाही यांनी होऊ दिला नाही.

ऑटोनं जाऊन पाहिलं होतं. परत येताना माझं बीपी उतरलं आणि मी ऑटोतच ओकले. ऑटोवाल्यानं आम्हाला जीई रोडच्या कडेला उतरवून दिलं. लोक बघत होते, माझ्या साडीवर सगळं सांडलेलं, हे बाटलीतल्या पाण्यानं माझे पाय धूत होते. त्या दिवशी घरी आल्यावर मी सांगून टाकलं की यापुढे तुम्ही नेलं तर जाईन, नाही तर डायलिसिस बंद. मुलगा बंगलोरहून फोनवर टॅक्सीचं सांगायचा, त्यालाही हेच ऐकवलं. ती काही नुसती धमकी नव्हती. सुयांनी गाठाळलेल्या हाताकडे बघून त्या काळात मला खरोखरच वाटे की आता पुरे. म्हणजे सरळ सांगायचं तर यांची गाडी चालत होती तोवरच मी जिवंत राहणार होते, आणि हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

त्या हिवाळ्यात यांचं चालवणं बिघडलं. आमच्या सेक्टर दहाच्या आतल्या रस्त्यांवर खांबांचा उजेड असतो, तिथवर ठीक. पुढे दुर्गच्या बाजूला धुकं आणि धूर एकत्र होऊन रस्त्यावर बसलेला असे. तिथे गाडी मधूनच डिव्हायडरकडे सरके. एकदा रस्त्यात बसलेली गाय मी ओरडले म्हणून वाचली. मग मीच बोलू लागले, डावीकडे सायकल आहे, पुढे ट्रक उभा आहे, आता वळण. पूर्वी शेजारी बसून असं काही म्हटलं असतं तर यांनी गाडी थांबवून, येत असेल तर तूच चालव, असं सुनावलं असतं. आता हे निमूट ऐकत. मला धुक्यापेक्षा त्या ऐकण्याची जास्त भीती वाटायला लागली. विचारलं की एकच उत्तर, हॅलोजन मेलेत, एलईडी टाकू.

एका दुपारी पॉवर हाउस भागातल्या मार्केटात आम्ही दिवे बदलून घेतले. मिस्त्रीनं बोनेट उघडून दिव्यामागचं रबरी टोपण काढलं, तारेची क्लिप सोडवली आणि जुना बल्ब बाहेर घेतला. नव्या बल्बच्या मागे एक चिमुकला पंखा होता, तो फिरताना बारीक आवाज येई. मिस्त्री हिंदीत म्हणाला की दिव्याची ही वाटी पिवळ्या बल्बसाठी बनलेली आहे, पांढरा उजेड तीत फाकेल आणि समोरच्याच्या डोळ्यांत जाईल, म्हणून मी झोत जरा खाली करून देतो. यांनी मान हलवली. झोत वरच राहू दे, म्हणाले. तो पुन्हा समजावू लागला तेव्हा हे चिडले, आणि त्यानं पाना खाली ठेवला.

मग शेजारच्या बंद शटरवर उजेड पाडून बघितला. लख्ख पांढरा. हे कमरेवर हात ठेवून समोर उभे राहिले, डोळे बारीक करून. भट्टीपुढे असेच उभे राहत असतील. “आता तापलं,” म्हणाले. मलाही बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी यांनी ठेल्यावर आलूगुंडा, म्हणजे आपला बटाटावडा, खाल्ला. मला बटाटा बंद, मी बघत बसले, तरी बरं वाटलं.

दुसऱ्या पहाटे धुक्यात शिरलो आणि समोर पांढरी भिंतच उभी राहिली. पिवळ्या उजेडात निदान रस्त्याची कड दिसायची. आता उजेड धुक्यावर आपटून आमच्याच डोळ्यांवर परत येत होता. मला बोनेटच्या पुढचं काही दिसेना. आणि हे म्हणाले, “दिवस निघाल्यावानी दिसून राहिलं.” मला दिसत नव्हतं, मग यांना काय दिसत होतं? तरी मी विचारलं नाही. उत्तर मिळालं तर पुढे काय करायचं, ते मला ठाऊक नव्हतं.

समोरच्या गाड्या डिपर मारत, हॉर्न वाजवत, कोणी काच खाली करून शिव्या देई आणि बाजूला होई. याचं यांना वाईट वाटत नसे. उलट प्रत्येक वेळी हे समाधानानं मान हलवत. भट्टीवरच्या माणसाला आपला उजेड दुसऱ्याला दिपवतो याचा अभिमान वाटत असेल, असं मी स्वतःला समजावलं. अशा बऱ्याच पहाटा मी जीव मुठीत धरून काढल्या.

मग एका पहाटे एक दूधवाला पडला. वळणावर समोरून मोटरसायकल आली, दोन्ही बाजूंना दुधाचे डबे लटकलेले. आमचा उजेड तोंडावर येताच त्यानं एक हात डोळ्यांपुढे धरला, गाडी डगमगली आणि तो आडवा झाला. मी किंचाळले. यांनी ब्रेक लावला. तो माणूस आमच्या गाडीच्या अगदी पुढ्यात पडला होता, पाय मोटरसायकलखाली अडकलेला, डबा उपडा, दूध रस्त्यावरून वाहत होतं. सगळं त्या पांढऱ्या उजेडात उघडं पडलेलं.

“काय झालं?” हे म्हणाले. “कावून वरडली?”

मी यांच्याकडे बघितलं. हे समोरच बघत होते, मान ताठ, त्या माणसाच्या वरून पलीकडे.

“माणूस पडला,” मी म्हटलं.

“कुठी?”

आजवर मी बऱ्याच वाईट गोष्टी ऐकल्या आहेत. किडन्या गेल्याचं डॉक्टरनं सांगितलं तेही ऐकलं. पण त्या एका शब्दाएवढं वाईट काही नव्हतं.

फिरायला निघालेल्या दोघांनी त्याला उठवलं. कोपर सोलला होता, बाकी तो वाचला. तो तणतणत खिडकीशी आला, हात उगारूनच. आत म्हातारा, शेजारी एक बाही उसवलेल्या स्वेटरमधली बाई, तिचा तो गाठाळलेला हात. त्यानं बघितलं आणि आवाज खाली आणला. “लाइट ल खाल्हे कर ग बबा,” एवढंच म्हणाला, “आँखी चौंधिया जाथे.” दिवा खाली घ्या, डोळे दिपतात, एवढं त्याच्या बोलीत सांगून तो रिकामा डबा उचलून गेला.

यांनी गाडी कडेला घेतली, म्हणजे मी सांगत गेले तशी घेतली. दिवे बंद केले. मी विचारलं, कधीपासून. मागच्या दिवाळीच्या आधीपासून, हे म्हणाले. बाजूचं दिसत नाही, आणि अंधारात तर समोरचंही उजेडाच्या ठिपक्यांपलीकडे काही नाही. हे सगळं यांनी फार साधेपणानं सांगितलं.

“मंग दिवे कावून बदलले?”

“मले दिसावं म्हणून नाही बदलले,” हे म्हणाले. “समोरच्याले आपण दिसावं म्हणून बदलले. त्याले डोळे हायेत. तो सरकते.”

मला असा संताप आला की मी यांचा दंड गच्च धरून हलवला. तुम्ही कोणाला तरी मारलं असतं, मी म्हटलं, आत्ता तो मेला असता. हे नाही म्हणाले नाहीत.

“मी सांगतलं असतं तर तू गेली असती काय दवाखान्यात?”

गेले नसते, हे मला माहीत होतं. यांनी लोकांच्या डोळ्यांत उजेड मारून मला आजवर जगवलं, आणि त्या माणसाचा पाय मोडला असता तर त्याचं अर्धं पाप माझ्याकडे आलं असतं. उजाडेपर्यंत आम्ही तिथेच बसून राहिलो. रस्त्यावरचं दूध कुत्र्यांनी चाटून संपवलं.

सेंटरवर पोचायला उशीर झाला, म्हणून पुढच्या शिफ्टसाठी माझं मशीन वेळेआधीच बंद केलं गेलं. मी नर्सला म्हटलं, मला दुपारची शिफ्ट दे. ती चांगली मुलगी आहे. हिंदीत म्हणाली की आंटी, दुपारी जागा नाही, झाली की फोन करीन.

डोळ्यांच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी टिकवायची. अंधारात स्टिअरिंगला हात लावायचा नाही, दिवसा जवळच्या जवळ, हळू, तेही चालेल तोवर. मुलानं टॅक्सी ठरवली आणि मी मुकाट्यानं बसू लागले. माझा हट्ट संपला होता. हे शेजारी प्लास्टिकची पिशवी उघडून धरत. पण एकदा ओकणारी बाई नेलेला ड्रायव्हर दुसऱ्यांदा येत नाही, आणि थंडीच्या पहाटे कधी कोणीच येत नाही. असे काही दिवस हुकले. हुकलं की अंगात पाणी साचतं, आडवं झालं की दम कोंडतो. मी रात्री उशांना टेकून बसायची आणि हे माझ्या सुजलेल्या पायांवर बोट दाबून खळगा किती वेळ राहतो ते चाचपत बसायचे.

तेव्हा आम्ही दोघंही दुपारच्या जागेची वाट बघू लागलो. डायलिसिसवर जागा कशी होते ते तिथे येणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. एखाद्याला नवी किडनी मिळते, एखादा मुलाकडे दुसऱ्या गावी जातो, पण ते क्वचित; एरवी कोणी गेलं की बेड रिकामा होतो. मला ए शिफ्टची जागा मिळाली होती तेव्हा ती कुणाची, हे मी विचारलं नव्हतं. आता देवापुढे हात जोडले की काय मागावं ते कळेना, म्हणून मी नुसता दिवा लावून उठायची. हे मात्र फोन उशाशी घेऊन झोपत.

फोन आला तेव्हा मी अंगणात उन्हाला बसले होते. हे आतून जवळजवळ धावतच आले. यांचा चेहरा असा फुललेला मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

“जागा झाली. दुपारची. आता मीच नेतो तुले, उजेडात.”

“बरं झालं,” मी म्हटलं. तोंडातून शब्द गेला आणि मग मला त्याची लाज वाटली. हे गाडीची काच पुसायला निघूनही गेले होते.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात, सायकलींच्याही मागून, हे मला घेऊन गेले. मला खिडकीजवळचा बेड दिला, त्यावर धुतलेली चादर होती. पलीकडच्या बेडवर माझ्याच वयाची एक बाई होती, तिचं मशीन आधीच सुरू झालेलं. ती मोबाइलवर काहीतरी बघत होती. थोड्या वेळानं तिनं मोकळ्या हातानं उशीजवळचा बिस्किटाचा पुडा उघडला, दोन काढली, एक तोंडात घातलं आणि दुसरं मोबाइलवरची नजर न काढता, नेहमीच्या सवयीनं, माझ्या बेडकडे पुढे केलं. मी घ्यावं की नाही म्हणून थांबले. हात रिकामा होईना म्हणून तिनं वळून बघितलं. माझा चेहरा दिसला तशी ती बघतच राहिली, आणि मग तिनं ते बिस्किट हळूच परत पुड्यात ठेवलं.